यझदच्या बदल्यात

म्युझियमला पुन्हा कुलूप. दारावर खडूने लिहिलेली पाटी होती: आज बंद, चावी हवी असल्यास पबमध्ये विचारा. पबलाही कुलूप होतं. काचेला नाक लावून मी आत पाहिलं. एक जुनं शिवणयंत्र, सोनं धुवायच्या पसरट थाळ्या आणि लेसची टोपी घातलेल्या बाईचा एक पुतळा. मागे वळून मी बायकोला हाक मारली, "ये ना, खिडकीतून बरंचसं दिसतंय."

ती गाडीतून उतरली नाही. दार उघडं टाकून, डोक्यावरून माश्यांची जाळी ओढून, मांडीवर चिवड्याचा डबा घेऊन बसली होती. जाळी हनुवटीपर्यंत उचलायची, चिमूटभर चिवडा तोंडात टाकायचा, जाळी खाली.

"मला इथूनही दिसतंय," ती म्हणाली. "कुलूप छान आहे."

आम्ही ऑस्ट्रेलियात, कालगुर्लीला राहतो. मी तिथल्या खाणीत व्हेंटिलेशन बघतो. म्हणजे जमिनीखाली जिथवर माणसं काम करतात तिथवर चांगली हवा पोचवायची आणि वाईट हवा बाहेर काढायची. ती हॉस्पिटलच्या फ्रंट डेस्कवर असते. लेक पर्थला युनिव्हर्सिटीत. बायकोच्या पन्नाशीला मी तिला कालगुर्लीच्या उत्तरेची जुनी वाळवंटी गावं दाखवायला काढलं होतं. एकेकाळी तिथे सोन्यासाठी माणसं लोटली, बँका झाल्या, हॉटेलं झाली, मग सोनं संपलं आणि पत्रे, धुराडी आणि पाट्या उरल्या. मी नकाशा आखला, मोटेलची खोली घेतली, पाण्याचे कॅन भरले. एवढ्या उत्साहाने मी हे का करत होतो ते मला नीट माहीत होतं. तिला माहीत नव्हतं. आधी तेच सांगून टाकतो, कारण मी बोलणारा माणूस नाही आणि एकदा थांबलो की पुन्हा सुरू करणं अवघड जातं.

लग्नाआधी ती पुण्यात इतिहासाचं एम.ए. करत होती. पेशवाईतल्या कागदांसाठी मोडी शिकली, आणि नुसत्या मोडीने भागेना म्हणून फारसीही. एक सर होते, रविवारी सकाळी स्वतःच्या घरी बोलावून शिकवायचे. पाच-सहा पोरं सतरंजीवर बसायची, फर्मानं वाचायची, सरांच्या बायकोच्या हातचे पोहे खायची. मग माझं स्थळ आलं, माझा स्किल्ड व्हिसा झाला आणि ती डिपेंडंट म्हणून माझ्याबरोबर इथे आली. कागदावर तोच शब्द होता. त्या पहिल्या कागदापासून तिचे सगळे फॉर्म मीच भरत आलो. टॅक्स, लायसन्स, मेडिकेअर, सगळं. आमच्यासारख्या बहुतेक घरांत असंच असतं. ती सही करते, मी सबमिट करतो. त्यात कधी कोणाला काही वावगं वाटलं नाही.

लेक मोठी झाल्यावर तिने फारसी पुन्हा काढली. सर व्हिडिओवर शिकवायचे, जुने वर्गमित्र जमायचे. शनिवारी अर्व्हो, म्हणजे इथली दुपार, झाली की ती खोलीत जायची आणि दाराआडून हसण्याचा आवाज यायचा. मी बाहेर क्रिकेट लावून बसायचो. ती मला इराणमधल्या यझदचे फोटो दाखवायची. मातीचं गाव, गल्ल्या अशा अरुंद की भिंती मधे कमानी घालून एकमेकींना टेकवलेल्या. घरांवर उंच मनोरे, त्यांना उभ्या फटी. वरचा वारा धरून खाली खोलीत आणायचा. बादगीर म्हणतात त्याला.

"तुझंच काम आहे बघ हे," ती म्हणाली होती. "तू पंखे लावतोस, त्यांनी भिंती लावल्या."

"मग वाऱ्यासाठी तिकडे कशाला जायचं? आमच्या खाणीत ये, फुकट दाखवतो."

ती हसली नाही. मला तेव्हाही ते लागलं होतं. तिच्या सरांच्या विनोदांवर मात्र ती हसायची.

मग सरांनी टूर ठरवली. काशान, नाईन, मेबोद, यझद. वाळवंटाच्या कडेकडेची सगळी जुनी गावं, आणि प्रत्येक गावात सर स्वतः दारांवरची अक्षरं वाचून दाखवणार. सरांची तब्येत बघता हे पहिलं आणि शेवटचं, हे सगळ्यांनाच कळत होतं. पुण्याहून जाणाऱ्यांना तेव्हा व्हिसाच लागत नव्हता, भारतीय पासपोर्ट पुरत होता. तिचा भारतीय पासपोर्ट आम्ही त्याच्या थोडंच आधी परत करून टाकला होता. सगळ्यांची सिटिझनशिप एकदमच होऊन जाऊ दे, हा आग्रह माझाच. काउन्सिलच्या हॉलमध्ये शपथ घेतली, एकेक झाडाचं रोप मिळालं. तिचं रोप उन्हाळ्यात वाळलं.

तेव्हा तिला व्हिसा काढावा लागणार होता. अर्थात मीच काढणार होतो. एका रविवारी शेजारी बसून ती सांगत गेली, मी टाइप करत गेलो. फोटो नीट नव्हता म्हणून मी म्हटलं, दुसरा काढून आण. तिने स्कार्फ बांधून नवा फोटो काढून आणला. मी तो लावला नाही. अर्ज अर्धवट तसाच ठेवला. ती विचारायची, "काही कळलं?" मी म्हणायचो, "वेळ लागतो गं त्यांना." टूर अगदी तोंडावर आली तेव्हा एक दिवस जेवताना मी म्हटलं, "नाही म्हणाले."

"का?"

"कारण नाही देत ते."

तिने पोळीचा घास वाटीत बुडवला आणि तसाच वाटीत ठेवला. एवढंच.

सर आणि बाकी सगळे जाऊन आले. फोटो आले. नंतर काही महिन्यांनी तिकडे युद्ध पेटलं, बातम्यांत तेहरानवरचा धूर दिसायला लागला, आणि माझं खोटं एकदम शहाणपण ठरलं. कालगुर्लीतल्या आमच्या गणपतीला जो तो तिला म्हणायचा, बरं झालं बाई, गेली नाहीस. माझ्या पाठीवर थाप पडायची, जणू मीच कुठूनतरी तिला ओढून वाचवलं होतं. युद्ध टूरच्या नंतर झालं, टूरमधला एकही माणूस त्यात सापडला नाही, हे कोणी लक्षात घेत नव्हतं. मीही लक्षात आणून देत नव्हतो.

या सगळ्याची भरपाई म्हणून ही ट्रिप. वाळवंट आहे, जुनी गावं आहेत. अजून काय हवं?

पबसमोरून निघालो तेव्हा मी चिडलो होतो. कुलपावर चिडलो होतो, माश्यांवर चिडलो होतो, वेबसाइटवर उघडं लिहून दार बंद ठेवणाऱ्यांवर चिडलो होतो. खरं तर तिच्यावर. माणसाने इतकं करावं आणि समोरच्याने चिवडा खावा.

पुढच्या गावात पत्र्याच्या झोपड्या होत्या, खाणकामगारांच्या. त्या उघड्या होत्या. मला बरं वाटलं. मी तिला खाणीत उतरायच्या जुन्या शाफ्टचं तोंड दाखवलं, हवा कुठून आत जात असेल, कुठून बाहेर पडत असेल ते समजावलं. पूर्वी कॅनव्हासची नळी लावून वारा खाली सोडायचे, हेही सांगितलं.

"सुट्टीत तू मला खाण दाखवायला आणलंयस," ती म्हणाली.

"हेरिटेज आहे हे."

"तुझं."

हायवेला लागलो तर समोरून रोड ट्रेन आली, ट्रकमागे डब्यांवर डबे जोडलेली, आणि तिच्या वाऱ्याने आमची गाडी हलली. बायकोने डॅशबोर्ड धरला. या हायवेवर ती कधी गाडी चालवत नाही, याच रोड ट्रेनमुळे. तेवढ्यात लेकीचा फोन आला, गाडीच्या स्पीकरवर.

"हॅपी बर्थडे मम! कशी चाललीय डेझर्ट टूर?"

"चाललीय."

"मम, यू साउंड सो फ्लॅट. ऑनेस्टली, बी ग्लॅड यू आर नॉट इन इरान. बाबा सेव्ह्ड यू फ्रॉम दॅट."

"बाबाने काय केलं?"

"आय मीन, व्हिसा नाही झाला ते. व्हॉटएव्हर. गुड थिंग, ना?"

पुढे रेंज गेली आणि लेक अर्ध्या शब्दात तुटली. मी आरशात बघत राहिलो. मागे काहीही नव्हतं, नुसता लाल रस्ता.

माझा हुकमाचा पत्ता अजून शिल्लक होता. खाणीतल्या एका मित्राने सांगितलं होतं, त्या बाजूच्या एका गावाच्या जुन्या दफनभूमीत उंटवाल्यांच्या कबरी आहेत. रेल्वे नव्हती तेव्हा या वाळवंटात पाणी आणि पीठ उंटांवरून यायचं. ते उंटवाले अफगाण, बलुची, पेशावरकडचे. इथले लोक सगळ्यांनाच अफगाण म्हणायचे. एका दगडावर उर्दूसारखं काहीतरी कोरलंय, मित्र म्हणाला होता. मी फोटो मागवून घेतला. उर्दू आणि फारसी मला सारखीच, पण तिला कळेल. इराण नाही तर नाही, फारसी मी तिला ऑस्ट्रेलियात आणून दाखवणार होतो. आठवडाभर हे मनात ठेवून मी खूश होतो.

दफनभूमीत पुढे इंग्रजी नावांच्या रांगा होत्या, लोखंडी कठड्यांच्या. उंटवाले सगळ्यांत मागे, कुंपणापाशी. त्यांच्या कबरी बाकीच्यांशी समांतर नव्हत्या, तिरप्या होत्या, कारण त्यांची तोंडं मक्केकडे केलेली. बहुतेक नुसते मातीचे उंचवटे, भोवती दगड मांडलेले. एकाच कबरीला उभा दगड होता, त्यावर अक्षरं.

"बघ!" मी म्हणालो.

तिने बघितलं. जाळीतून तिचा चेहरा दिसत नव्हता.

"वाच ना. फारसीच आहे ना?"

"असेल."

"असेल काय? तुला येतं."

"यायचं."

"अगं, मुद्दाम एवढ्या लांब आणलं मी तुला. जरा तरी..."

"मी म्हटलं होतं का, आण म्हणून?" तिचा आवाज चढला. "सकाळपासून फिरवतोयस. हे बघ, ते बघ. कुलपं बघ, खड्डे बघ. मी काय व्हिजिटर व्हिसावर आलेय, फिरवून परत पाठवायला?"

"मग शनिवारी तरी तू काय करतेस हल्ली? क्लास नाही, काही नाही. पुस्तकं गॅरेजमध्ये टाकलीस. मला वाटलं, जरा तुझ्या आवडीचं..."

मला खरंच वाटलं होतं की तिला कंटाळा आला असेल, वय झालं, शिफ्टनंतर दमत असेल. पुस्तकांचं ते खोकं तंबूच्या सामानाशेजारी ठेवताना मीच हात लावला होता.

"त्यांनी नको म्हटलं ना मला," ती म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "सगळे गेले. मलाच नाही. मी किती दिवस कारण शोधत होते तुला माहितीये? फोटोत केस दिसत होते का? बाबांचं नाव चुकलं का? पासपोर्ट बदलला म्हणून संशय आला का? सर विचारायचे, काय झालं गं नक्की, आणि मला काही सांगता यायचं नाही. विशीतली पोरगी असल्यापासून जी भाषा जिवाशी धरली, तिच्या गावाने मला दारातही उभं केलं नाही. मग शनिवारी तिथे बसून कोणत्या तोंडाने वाचू?"

ती गाडीकडे चालायला लागली.

मी कित्येक महिने एकच हिशोब धरून बसलो होतो की तिची एक ट्रिप बुडाली. ट्रिपच्या बदल्यात ट्रिप. ती भाषाच सोडून बसली होती, आणि ती का, हे माझ्याखेरीज जगात कोणालाही कळणं शक्य नव्हतं.

"त्यांनी नको नाही म्हटलं," मी मागून म्हणालो.

ती थांबली.

"मी अर्ज केलाच नव्हता."

तिने जाळी डोक्यावरून काढली. माश्या लगेच तिच्या डोळ्यांपाशी गेल्या, तिने हाकलल्या नाहीत.

"फोटो लावला नाही मी. पाठवलंच नाही काही. ते नाही म्हणाले, असं मी म्हटलं."

मग ती जे बोलली त्याची मला अपेक्षा नव्हती. तिने मलाच एक वाट काढून दिली.

"भीती वाटली का तुला? तिकडचं काहीबाही ऐकून?"

हो म्हणायचं होतं फक्त. हो म्हटलं असतं तर मी सुटलो असतो. नंतर झालेलं युद्ध माझ्या बाजूचं होतं, अख्खी कालगुर्ली माझ्या बाजूची होती. काळजीपोटी चुकलेल्या नवऱ्यावर कोण किती रागावणार? ती स्वतः तो शब्द माझ्या हातात देत होती, आणि तो घ्यायला मी तोंड उघडलंही.

"नाही," मी म्हणालो. "भीती नव्हती वाटली. तू गेली असतीस आणि खूश होऊन आली असतीस. त्यात मी कुठेच नसतो. ते मला नको होतं."

ओकंबोकं ऐकू आलं ते माझं मलाच. एवढंसं होतं ते सगळं.

"अच्छा," ती म्हणाली.

मी वाट बघत होतो. रडेल, ओरडेल, हातातली जाळी फेकून मारेल. ती माझ्या बाजूने परत मागे गेली आणि त्या दगडापुढे मातीत मांडी घालून बसली.

"पाणी दे."

मी कॅन आणला. तिने ओंजळीत पाणी घेऊन दगडावर हलकेच सोडलं. दगड ओला झाला तशी खोबणीतली अक्षरं काळी होऊन वर आली. हे तिला सरांनी शिकवलं असणार, मी कधी विचारलं नव्हतं. ती बोट न लावता, हवेतच अक्षरांवरून बोट फिरवत ओठ हलवत होती. मधे अडकायची, मागे जायची, पुन्हा पाणी. मी कॅन धरून उभा होतो.

"अमक्याचा मुलगा," शेवटी ती म्हणाली, माझ्याशी नव्हे. "परक्या मुलखात वारला. पुढे गावाचं नाव आहे." ती वाकली. "ते झिजलंय."

फोटो काढून ती उठली आणि हात पुढे केला.

"चावी."

"अगं, हायवे आहे. रोड ट्रेन..."

"चावी दे."

ती चालवत होती, मी डावीकडे बसलो होतो. समोरून ट्रक आला तेव्हा तिने स्टिअरिंग घट्ट धरलं, गाडी हलली, सरळ झाली, आणि ती पुढे चालवत राहिली. एका चढावर तिच्या फोनने टुणटुण करत सकाळपासूनचे सगळे शुभेच्छांचे मेसेज ओतले, तसं तिने गाडी कडेला घेतली. सरांना व्हिडिओ लावला.

सर आता जिना उतरत नाहीत. खाटेवर बसलेले दिसले, कानाला हात लावून. मागे भिंतीवर मेबोदहून आणलेली ताटली टांगलेली होती, मधे सूर्याचा चेहरा असलेली. तशीच दुसरी त्यांनी तिच्यासाठी आणली होती. कोणी येणारं मिळालं की पाठवीन, म्हणायचे.

"अगं, किती दिवसांनी! विसरलीस म्हटलं म्हाताऱ्याला."

"सर, एक दगड सापडलाय. फारसी आहे. गावाचं नाव लागत नाहीये." मग तिने फोन माझ्याकडे दिला. "पण आधी हा काहीतरी सांगतोय ते ऐका."

मी तिच्याकडे बघितलं. ती समोर रस्त्याकडे बघत होती.

"अरे वा, जावईबापू!" सर म्हणाले. मला ते आवर्जून तसंच हाक मारतात, तिच्या माहेरचे असल्यासारखे. "काय म्हणतंय तुमचं सोनं?"

"सर, हिचा व्हिसा नाकारला नव्हता. मी अर्जच पाठवला नव्हता. हिला खोटं सांगितलं."

सरांचा चेहरा स्क्रीनवर तसाच राहिला. मला वाटलं रेंज गेली.

"टूरच्या व्हिसाचं बघणाऱ्या एजंटाशी भांडलो हो मी," ते म्हणाले. "यझदमध्ये, हॉटेलच्या दारात, सगळ्यांदेखत. माझ्या विद्यार्थिनीला का अडवलंत, म्हणून. तो बिचारा शपथा घेत होता की असा अर्ज आलाच नाही. मी त्याला खोटारडा म्हणालो."

मी सॉरी म्हणालो असेन, ऐकू गेलं की नाही माहीत नाही.

"फोन तिला द्या," सर म्हणाले. जावईबापू नाही म्हणाले.

मी फोन तिच्याकडे केला, पण तिचे दोन्ही हात पर्समध्ये होते. चष्मा शोधत होती, पेन शोधत होती. पार्किंगची एक पावती उलटी करून तिने गुडघ्यावर ठेवली, फोटो आठवत त्यावर अक्षरं काढायला लागली. "सर, पहिलं अक्षर काफ वाटतंय, नंतर एक उभा दांडा आहे, त्याच्यावर टिंब होतं की दगडाला खड्डा पडलाय कळत नाही..."

"वर टिंब की खाली? नीट सांग. मला डोळ्यांनी धड दिसत नाही आता, तूच सांगायचंस."

"थांबा, सांगते."

मी फोन दोघांच्या मधे धरून होतो, सरांचा चेहरा तिच्याकडे करून. हात अवघडला म्हणून मी कोपर जरा खाली घेतलं आणि सरांचा आवाज तुटला.

"हलू नकोस," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "रेंज जाते."

मी कोपर पुन्हा वर केलं आणि तसाच धरून बसलो.